बोंग-यावच्या घरी आलेले राखणदार

दुपारचे तीन वाजले की बोंग-याव वाट्या मांडायला बसायची. एकशे साठ वाट्या. चिनी मातीच्या, निळ्या काठाच्या, तळहातात मावतील एवढ्या. त्यांतल्या कितीतरींचे काठ उडालेले होते आणि कुठल्या वाटीचा कुठे उडाला आहे, हे तिच्या बोटांना न बघता कळायचं. प्रत्येक वाटीत मांसाचे दोन तुकडे, एक अळंबी, खारवलेल्या अंड्याच्या बलकाची एक फोड. वरून जुन्या तांदळाचं वाटलेलं दाट पीठ ओतायचं आणि वाट्या वाफेवर चढवायच्या. पाऊण तासाने झाकण काढलं की प्रत्येक वाटीतली उकड मधोमध खोलगट बसलेली दिसली पाहिजे. वर सपाट राहिली तर समजायचं, पीठ बिघडलं.

सत्तेचाळीस वर्षांत तिचं पीठ तीनदा बिघडलं होतं. एकदा मुलगी झाली तेव्हा, एकदा नवरा गेला तेव्हा, आणि एकदा काहीच कारण नसताना.

संध्याकाळी पाचला ती गाडी ढकलत वडाच्या देवळासमोर यायची. ताइनानच्या जुन्या भागात, साखर कारखान्याच्या पडक्या भिंतीला लागून, वडाखाली राखणदाराचं एक बुटकं देऊळ आहे. त्याच्यासमोर रोज रात्री बाजार भरतो. दिवे लागायचे, माणसं यायची, बांबूच्या चपट्या काडीने वाटीतल्या उकडीचे तुकडे पाडून लसणीच्या रसात बुडवून खायची, आणि रिकामी वाटी तिच्या उजव्या हाताशी ठेवून पुढच्या गाडीकडे सरकायची. वाट्या धुवायच्या, पुसायच्या, रचायच्या. बाजार संपला की गाडी ढकलत घरी. ती किती वाजता झोपते असं कुणी विचारलं तर म्हणायची, "झोपते ना. कधीतरी झोपतेच."

दमले, असं तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. कारण दमणं सुरू कधी झालं हेच तिला आठवत नव्हतं, त्यामुळे ते सांगण्यासारखं आहे असंही तिला वाटत नव्हतं.

तिचं नाव आईबापांनी हौसेने ठेवलेलं नव्हतं. समुद्राकाठच्या मिठागरांच्या गावात एका घरी पाचवी मुलगी झाली. बापाने तोंड फिरवलं आणि म्हणाला, असू दे, वाढेल कशीबशी. तेच नाव झालं. बोंग-याव म्हणजे 'वाढवू या झालं'. त्या काळी त्या किनाऱ्यावर या नावाच्या बाया प्रत्येक आळीत दोन-तीन तरी सापडायच्या. शाळेत बाईंनी हजेरीला नाव घेतलं की वर्गात तीन जणी उभ्या राहत. लहानपणी ती मीठ ओढायची. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन शहरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, चला, उन्हातून सुटले. सुटली खरी. पुढची सगळी वर्षं वाफेत गेली.

नवरा थ्याम-लाय. बोलका, गोल चेहऱ्याचा, पीठ ढवळताना नाटकातली गाणी म्हणणारा. वाटीतल्या उकडीचा धंदा त्याच्या आजीपासूनचा. बोंग-याव नवी नवरी असताना ही आजीसासू अंथरुणाला खिळलेली होती, पण तोंड चालू होतं. बाजार कसा सुरू झाला हे ती तिच्या परीने सांगायची.

"बाजार नव्हताच गं आधी. राखणदाराचा वाढदिवस आला की देवळासमोर तीन रात्री नाटक व्हायचं. नाटक माणसांसाठी नाही, देवासाठी. रंगमंच देवाकडे तोंड करून. पण देव एकटा किती बघणार? माणसं यायची. माणसं आली की त्यांना भूक लागणार. मग मी कावडीच्या एका बाजूला वाट्या, दुसऱ्या बाजूला शेगडी घेऊन जायची. तेलाचा दिवा लावून बसायची. एक ऊसवाला, एक शेंगावाली आणि मी. चौथ्या दिवशी नाटकवाले गेले, पण कारखान्यातून रात्रपाळीची माणसं सुटली आणि विचारायला लागली, वाटीवाली कुठाय? मग मी चौथ्या रात्रीही बसले. तेव्हापासून उठलेच नाही."

युद्धाच्या दिवसांत दिवे विझवायचा हुकूम आला, तेव्हाही म्हातारी अंधारात बसायची म्हणे. गिऱ्हाइकं वासाने शोधत यायची.

बाजारात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल: आपण इथे राखणदाराचे पाहुणे आहोत. आधी तो, मग आपण. म्हणून दर वर्षी दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला, त्याच्या वाढदिवशी, बाजारातली सगळी माणसं देवळात जमतात आणि वर्षाचा धूपकरी निवडतात. देवळात मोठी मूर्ती असते, ती हलत नाही. पण वीतभर उंचीची एक छोटी मूर्ती आहे. पांढऱ्या दाढीचे, काठी टेकून बसलेले, धुराने काळवंडलेले आजोबा. ती वर्षभर धूपकऱ्याच्या घरी राहते. त्याने तिच्यापुढे सकाळ-संध्याकाळ धूप लावायचा, चहाचे तीन पेले ठेवायचे, आणि वर्षाअखेरी सगळ्या बाजाराला जेवण घालायचं.

हा मान मागून मिळत नाही. यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि त्या नावाने देवाला कौल लावतात. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर आल्या तर नाही. दोन्ही सपाट आल्या तर देव नुसताच हसला, म्हणजे तुझं बोलणं मला समजलं नाही किंवा तुला स्वतःलाच समजलेलं नाही. ज्याच्या नावाला लागोपाठ सर्वांत जास्त वेळा होकार पडेल, तो धूपकरी.

थ्याम-लायला या मानाची फार आस होती. दर वर्षी तो नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसायचा. एका वर्षी त्याच्या नावाला लागोपाठ पाच होकार पडले. तो आनंदाने उभा राहिला, आणि शेवटून दुसऱ्या नावाला, माकुळ मासे तळणाऱ्या एका पोरगेल्या माणसाला, सहा पडले. थ्याम-लाय घरी येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी." असं तो बावीस वर्षं म्हणाला. मग गेला. यादीत त्याच्या जागी बोंग-यावचं नाव आलं आणि तिच्या नावाला दर वर्षी पहिल्याच फेकीत नकार पडत गेला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या नावाकडून कुणी कधी फारशी अपेक्षा केलीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हातून अकरा वाट्या पडल्या. रचून उचलल्या आणि मनगटच राहिलं नाही. गिऱ्हाइकांनी तुकडे वेचले. ती स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. वाट्यांबद्दल वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायलाही थोडी ताकद लागते, ती तिच्यात त्या वेळी नव्हती.

डॉक्टर तरुण होता. त्याने मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हाताला आराम द्या."

"किती दिवस?"

"आता उरलेले सगळे."

मुलगी ली-श्वे उत्तरेला ताओयुआनला राहते. ती फोनवर म्हणाली, "आई, मी दहा वर्षं हेच सांगतेय. डॉक्टरने सांगितलं की तुला पटतं."

"डॉक्टरने फी घेऊन सांगितलं ना. फुकटचं कोण ऐकतं?"

"मग बंद कधी करतेस?"

"दुसरा महिना संपला की. देवाच्या महिन्यात कशाला."

आणि तिने खरोखरच ठरवलं. तांदूळवाल्याला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून जुना तांदूळ पाठवू नको. गॅसवाल्याला सांगितलं. पुठ्ठ्याची खोकी आणून माडीवर ठेवली, वाट्या भरायला. बाजारात मात्र कुणाला सांगितलं नाही. बाजारात एकाला सांगितलं की दिवे लागायच्या आत सगळ्यांना कळतं. मग जो येईल तो हळहळेल, आणि त्या हळहळणाऱ्यांना तोंड देणं तिला एकशे साठ वाट्या धुण्यापेक्षा जड वाटत होतं. महिना संपला की एका संध्याकाळी आपण यायचंच नाही, असा तिचा बेत होता.

देवाच्या वाढदिवशी सकाळी ती देवळात गेली, मागच्या रांगेत खांबाला टेकून बसली आणि तिचा डोळा लागला. शेजारी गिन-ह्वे होती. गिन-ह्वेची फळांची गाडी तिच्या गाडीला लागून, तीस वर्षांपासून. टोमॅटोच्या फोडींवर आल्याचा गोड रस घालून विकते आणि सबंध बाजारावर नजर ठेवून असते.

यादी वाचायचं काम बान-सेंगकाकांचं. वय ऐंशी, काढ्याची गाडी, चेहराही काढा प्यायल्यासारखा. नावं वाचून संपत आली. माकुळवाल्याला यंदा पाच पडले होते आणि तो मिशीत हसत होता. मग काका म्हणाले, "वाटीवाली, ख्व बोंग-याव."

पहिला होकार पडला. कुणी लक्ष दिलं नाही. दुसरा पडला. चौथ्याला लोक वळून बघू लागले. पाचव्याला माकुळवाल्याचं हसू गेलं. सहाव्याला गिन-ह्वेने तिला कोपराने ढोसलं.

"याव! अगं ए याव, ऊठ! तुझ्यावर चाललंय सगळं!"

"काय झालं? पाऊस आला?"

"देव आला, पाऊस काय घेऊन बसलीस!"

सातवा. आठवा. नवव्याला दोन्ही कोरी सपाट पडल्या, देव हसला, आणि सगळं देऊळ टाळ्यांनी दणाणलं. माणसं तिला उठवायला धावली. कुणीतरी तिच्या गळ्यात लाल पट्टा घातला. माकुळवाला मोठ्या मनाने म्हणाला, "वहिनी, दादांचे पाच वाया गेले होते, ते देवाने तुम्हाला दिले!" सगळे हसले. बोंग-याव पट्टा हातात धरून उभी होती. तिच्या मनात एकच आलं: आता आणखी एक वर्ष.

कारण धूपकरी तोच, ज्याचा दिवा बाजारात लागतो. धूपकऱ्याने वर्षाच्या मध्यात गाडी बंद केली असं त्या वडाखाली कधी झालेलं नव्हतं. आणि आठ होकार पडलेला मान कुणी परत केला, असंही नाही.

दुपारी ती वाट्या मांडायला बसली, पण हात पुढे जाईनात. शेवटी उठून शेजारच्या गल्लीत गिन-ह्वेकडे गेली. ती ओसरीवर आलं किसत होती.

"ये गं धूपकरीणबाई. आता तुझ्यापुढे वाकायचं की काय?"

"गिन-ह्वे, मी या महिन्याअखेर गाडी बंद करणार होते."

किसणी थांबली. "काय करणार होतीस?"

"बंद. हात गेला माझा. तांदूळवाल्यालाही सांगून झालंय."

"तांदूळवाल्याला सांगितलंस?" गिन-ह्वेचा आवाज चढला. "तीस वर्षं तुझ्या वाटीतला लसणाचा वास माझ्या फळांना लागतो, गिऱ्हाइकं मला बोलतात, मी एका शब्दाने तुला बोलले नाही. आणि तू तांदूळवाल्याला सांगितलंस, मला नाही!"

"तू रडली असतीस."

"रडलेच असते! तेवढा हक्क नाही होय मला?" असं म्हणत तिने डोळे पुसले आणि आल्याचा हात लागल्यामुळे ती खरोखरच रडायला लागली. बराच वेळ तोंडावर पाणी मारल्यावर एक डोळा मिटून ती म्हणाली, "आणि त्यांना? त्यांना सांगितलंस?"

"कुणाला?"

"राखणदाराला गं!"

बोंग-याव मनात मोजू लागली. मुलीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, गॅसवाल्यालाही सांगितलं. देवाला सांगायचं राहून गेलं होतं. रोज संध्याकाळी पहिली वाटी ती त्याच्यापुढे ठेवायची, हात जोडायची आणि घाईघाईत परत गाडीकडे यायची. बोलायला कधी वेळ झालाच नव्हता.

"त्यांना काय सांगायचं? ते बघतातच की समोर बसून."

"बघणं निराळं, सांगणं निराळं. माझा नवरा चाळीस वर्षं मला बघतोय, त्याला काय कळलंय?" गिन-ह्वेने किसणी बाजूला ठेवली. "पाहुणा यजमानाला न सांगता निघाला, तर यजमान दार धरून उभा राहणारच. धरलं बघ त्यांनी तुला. जा, माफी माग आणि विचार."

"काय विचारू?"

"ते मी काय सांगू? आठ होकार मला पडलेत का?"

बोंग-याव तशीच देवळात गेली. उन्हं अजून वडाच्या पारावर होती. पडलेल्या फटाक्यांचे लाल कागद झाडून एका कोपऱ्यात लावले होते. आत बान-सेंगकाका एकटेच बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. छोटी मूर्ती अजून मोठ्या मूर्तीच्या पायाशी होती. ती उद्या सकाळी वाजतगाजत तिच्या घरी जायची होती.

तिने काकांना सगळं सांगितलं. काकांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"मग मला कशाला सांगतेस? कोरी तिथे आहेत."

"काका, तुमच्या नियमात काय बसतं ते तरी सांगा."

"नियम माझे नाहीत. धूपकऱ्याचा दिवा बाजारात लागतो, एवढं मला माझ्या बापाने सांगितलं. त्याच्यापुढचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू विचार. पण तीन वेळा लागोपाठ होकार पडला तरच मी मानीन. आणि हो किंवा नाही असं उत्तर येईल तेच विचार. गोष्टी सांगत बसू नको त्यांना."

ती गुडघे टेकून बसली. गुडघेही कुरकुरले. तिने आपलं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, कारण देवाला पत्ता सांगावा लागतो. मग म्हणाली, "आजोबा, चुकले. तुम्हाला न सांगता निघाले होते. रागावलात का?"

कोरी टाकल्या. दोन्ही सपाट. देव हसला.

"मग मी आणखी एक वर्ष गाडी चालवू का?"

दोन्ही फुगीर. नाही.

ती कोरींकडे बघतच राहिली. पुन्हा उचलल्या, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा नाही.

"गाडी नको म्हणतात हे," ती काकांना म्हणाली.

"ऐकलं मी."

"मग मान परत करू का, आजोबा?"

नाही.

"अहो, मग माझं नाव का घेतलंत?"

"हो किंवा नाही!" काका वर्तमानपत्राआडून ओरडले.

"थ्याम-लायने तुम्हाला सांगितलं का, माझ्या बायकोला द्या म्हणून?"

देव हसला. बोंग-यावलाही थोडं हसू आलं, कारण थ्याम-लाय तिथे जाऊन वशिला लावील हे अगदी त्याच्या स्वभावात बसणारं होतं. पण हसण्याने प्रश्न सुटत नव्हता. वाट्या रचत गेलं की जड होत जातात तशा त्या दोन लाकडी कोरी तिला दर फेकीला जड होत होत्या. मनगट ठणकायला लागलं. तिने विचारलं, वर्षाअखेरचं जेवण मी एकटीने रांधायचं का. नाही. मुलीकडे जाऊन राहू का. नाही. माझ्यावर काही संकट येणार आहे का. देव हसला. मुलीवर? देव हसला. तिचे प्रश्न संपले.

ती टाचांवर बसली आणि तिने वर पाहिलं. इतकी वर्षं ती त्या मूर्तीपुढे वाटी ठेवून लगेच वळत आली होती. नीट बघायला आज पहिल्यांदाच उसंत मिळाली. देवळाचं तोंड सरळ बाजाराकडे. समोर तळणीच्या कढया, पलीकडे फुगे फोडायच्या बंदुका, त्याच्या बाजूला गाणी लावून मोबाईलची कव्हरं विकणारा. रोज रात्री, पावसापाण्यात, एकही सुट्टी नाही. धुराने आजोबांचं नाक पार काळं झालं होतं. डोळ्यांवरचा रंग उडाला होता. काठीवर टेकलेला हात तिला अगदी तिच्या हातासारखा वाटला, आता निसटेल की काय असा.

तिने विचार केला नाही. तोंडातून आलं तसं आलं.

"आजोबा, तुम्ही पण दमलात का हो?"

कोरी तिने टाकल्या म्हणण्यापेक्षा त्या हातातून सुटल्या. एक सपाट, एक फुगीर.

बाकावरचं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"परत टाक," काका म्हणाले.

एक सपाट, एक फुगीर.

"परत."

तिसरीही तशीच. एक कोर गोल फिरत खांबापर्यंत गेली, टेकली, आणि सपाट बाजूवर शांत पडली.

काका उठून तिच्याजवळ आले आणि कोरींकडे चष्म्यावरून, मग चष्म्यातून बघत उभे राहिले. "माझ्या बापाने, त्याच्या बापाने, आम्ही सगळ्यांनी यांना धंदा विचारला," ते म्हणाले. "पाऊस विचारला, लग्नं विचारली, हरवलेली डुकरं विचारली. हे कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मलाही कुणी विचारत नाही म्हणा."

"दमलात का, काका?"

"मी काय देव आहे? मला विचारून काय उपयोग?" असं म्हणत ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. "पुढचं विचार. नीट विचार."

बोंग-यावने चंद्रकोरी दोन्ही हातांत धरल्या, कारण एका हातात आता त्या राहत नव्हत्या. "आजोबा, माझी गाडी बंद राहील. दिवा लागणार नाही. घर लहान आहे. माडीवर आवाज येत नाही, संध्याकाळी नुसता शेजारच्यांचा पोपट बोलतो. असल्या घरी वर्षभर बसायला याल?"

तीन वेळा टाकल्या. तीन वेळा होकार आला.

काकांनी खिशातून यादी काढली, तिच्या नावापुढे बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि घडी घालून परत ठेवली. "जेवणाचं आम्ही बघू," ते म्हणाले. "तू फक्त धूप लाव. आणि माकुळवाल्याला मीच सांगतो, तो भांडेल."

"भांडला तर?"

"त्याला म्हणेन, तू पण विचार त्यांना. बघू, तुझ्या तळणीबद्दल काय म्हणतात ते."

त्या संध्याकाळी तांदूळ भिजलेला होता, म्हणून ती गाडी घेऊन गेली. भिजलेला तांदूळ टाकता येत नाही. बातमी तिच्या आधी पोहोचली होती. जो तो येऊन हळहळला, आणि तिने प्रत्येकाला "हो, हो" म्हणत वाटी दिली. सगळ्या वाट्या संपल्या. गिन-ह्वे दर थोड्या वेळाने येऊन, न बोलता, तिच्या ढिगातल्या दहा वाट्या घेऊन जायची आणि धुऊन परत आणून ठेवायची. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनई-झांजा वाजवत आजोबा तिच्या घरी आले. माणसं चहा पिऊन गेली. माडीवरच्या खोलीत, थ्याम-लायच्या फोटोशेजारच्या फळीवर, वीतभर मूर्ती काठी टेकून बसली. दुपारी तीनला बोंग-यावची पावलं आपोआप स्वयंपाकघराकडे वळली. तिने छोटं भांडं चुलीवर ठेवलं आणि एकच वाटी मांडली. पाऊण तासाने झाकण काढलं. उकड मधोमध खोलगट बसली होती.

ली-श्वेचा फोन आला. "आई, मग आता काय करतेयस?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आजोबा बसलेत, मी बसलेय."

संध्याकाळी धूप जळून संपला तेव्हा तिने देवापुढची वाटी खाली घेतली आणि ती खाल्ली. एवढ्या वर्षांत आपली उकड अशी निवांत बसून खाल्ल्याचं तिला आठवेना. लसूण किंचित जास्त झाला होता. गिन-ह्वेचं म्हणणं खरं होतं तर.

मग तिने वाटी धुतली. मनगट एका वाटीलाही दुखलं. वाटी पालथी घातली, पण हात सवयीने नळाखाली तसेच राहिले, पुढची वाटी येईल म्हणून. पाणी त्यांच्यावरून वाहत होतं. बऱ्याच वेळाने तिने नळ बंद केला आणि वर जाऊन मूर्तीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसली. शेजारचा पोपट काहीतरी बोलला. दूर वडाकडे दिवे लागायची वेळ झाली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "दिवा लावू का?"

कोरी देवळात राहिल्या होत्या, त्यामुळे उत्तर काही आलं नाही. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघता बसल्या जागी झोपली.